ब्लॉकचेनवर आपला कट्टा बांधायचाय? आधी किल्ली, मग नाव, पोस्ट त्याच्यानंतर

जुलै-ऑगस्ट आला की बीईचे प्रोजेक्ट ठरायला लागतात आणि मग कोथरूड, आकुर्डी, कात्रज, कुठून कुठून मुलं विचारायला येतात, "सर, डिसेंट्रलाइज्ड सोशल मीडिया करतोय, ब्लॉकचेनवर." म्हणजे कोणा एकाच्या मालकीचं नाही असं, आणि एकदा लिहिलं की पुसता न येणाऱ्या, अनेक मशीनवरच्या सामाईक वहीत. दाखव म्हटलं की आत सगळ्यांचं एकच निघतं: एक स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम), त्यात पोस्ट टाकायचं फंक्शन, मजकूर थेट कॉन्ट्रॅक्टच्या स्टोरेजमध्ये, वर रिॲक्टचं एक वेबपान आणि मेटामास्क या वॉलेटचं बटण. डेमोला मस्त चालतं. हिंजवडीत नोकरी करणारी मंडळी वीकेंडला करतात तेव्हाही हेच करतात, फक्त पान जरा देखणं असतं. मग प्रत्येक लाईकला सही मागणारा पॉपअप येतो म्हणून लोक पळतात, कोणाचा तरी फोन हरवतो आणि अकाउंट कायमचं जातं, आणि एखादा शहाणा दुसऱ्याचा मोबाईल नंबर पोस्ट करतो जो आता कुणाच्या बापाला काढता येत नाही.

हे तिन्ही घोळ फीड आधी बांधल्यामुळे होतात, बाकी सगळं मग त्याला ठिगळ लावल्यासारखं येतं. म्हणून खाली जो क्रम देतोय तो उलटा वाटेल, पण तसाच करा.

उदाहरणाला एक ट्रेक ग्रुप घेऊ. चाळीस-पन्नास जण, दर रविवारी सिंहगड, पावसाळ्यात राजगड-तोरणा, फोटो टाकणार, पुढचा प्लॅन ठरवणार, भांडणार पण. ॲपचं नाव 'कट्टा'.

## टप्पा १: लॅपटॉप बंद, कागद काढा

पहिला प्रश्न, ब्लॉकचेन लागतेच का? ग्रुपमधल्या एका माणसावर सगळ्यांचा विश्वास असेल आणि तो सर्व्हर सांभाळणार असेल तर सरळ मॅस्टोडॉन (स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं तयार सोशल नेटवर्क) चढवा, विषय संपला. फक्त 'माझी किल्ली (सही करायचा गुप्त आकडा) हीच माझी ओळख' एवढं हवं असेल तर नॉस्टर नावाची पद्धत आहे, त्यात चेन, म्हणजे ब्लॉकचेन, नाहीच. पण नॉस्टरमध्ये किल्ली गेली की ओळख गेली. चेन कामाला येते ती नेमकी इथे: एक नाव एकाचंच असणं, आणि किल्ली बदलली तरी नाव त्याच माणसाकडे राहणं, तेही मधे कोणी ॲडमिन न ठेवता. फारकास्टर या सोशल नेटवर्कनेही हेच केलंय, ओळख ऑप्टिमिझमच्या चेनवर आणि पोस्टी चेनच्या बाहेर.

आता कागदावर तीन रकाने पाडा: चेनवर, चेनबाहेर पण सही केलेलं, आणि फोनमध्येच. चेनवर नाव, मुख्य खातं, कोणत्या ॲप-किल्लीला (फोनमधली रोजची किल्ली, टप्पा ३ मध्ये येईल) परवानगी आहे आणि ती कधी रद्द झाली, बस. पोस्ट, लाईक, फॉलो, फोटो सगळं दुसऱ्या रकान्यात. ड्राफ्ट आणि खाजगी किल्ली तिसऱ्यात.

पोस्ट चेनवर का नको याचा हिशोब एकदा स्वतः करा. देवनागरीचं एक कोडपॉइंट (अक्षर, काना, मात्रा, प्रत्येकाचा यूनिकोडमधला एक क्रमांक) यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३ बाइट खातं. २८० कोडपॉइंटची पोस्ट म्हणजे ८४० बाइट. कॉन्ट्रॅक्टच्या स्टोरेजचा एक खण ३२ बाइटचा, म्हणजे २७ खण आणि लांबी लिहायला एक, एकूण २८. नवीन खण भरायला इथेरियम या चेनच्या नियमाने २२,१०० गॅस (गॅस म्हणजे चेनवरच्या कामाचं माप, त्यावर फी ठरते). झाले ६ लाख १८ हजार ८०० गॅस, आणि साधे पैसे पाठवायला लागतो २१,०००. तेवढीच इंग्रजी पोस्ट १० खणात बसते, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याला जवळजवळ तिप्पट दंड! इथेरियमच्या मार्च २०२४ च्या डेनकुन अपग्रेडनंतर लेयर-टू चेनची (इथेरियमवर बसणाऱ्या स्वस्त चेनची) फी बरीच खाली आली, त्यामुळे लोकांना परत मोह होतो की आता टाकू की पोस्टी वर. स्वस्त झालं तरी पुसता येत नाही हे तसंच आहे ना.

तपासा: 'चेनवर' रकान्यात चारपेक्षा जास्त ओळी असतील तर अजून एक चहा घ्या आणि परत बसा.

## टप्पा २: टेस्टनेट आणि वेगळं पाकीट

यात फार वेळ घालवू नका. सॉलिडिटी (कॉन्ट्रॅक्ट लिहायची भाषा), सोबत फाउंड्री किंवा हार्डहॅट (कॉन्ट्रॅक्ट तपासून चढवायची हत्यारं), जे येतं ते. चेन म्हणून एखादी लेयर-टू घ्या, टेस्टिंगला बेस सेपोलिया ही टेस्टनेट (सरावाची चेन, जिथे पैसे खरे नसतात) चालेल, तिचा चेन आयडी ८४५३२. जुने व्हिडिओ बघून कोड करणारे हमखास गोर्ली नाहीतर पॉलिगॉनच्या मुंबई टेस्टनेटवर अडकतात. मुंबई एप्रिल २०२४ मध्येच बंद झाली, तिच्या जागी आता अमोय आहे. (मुंबई बंद पडली म्हणून पुणेकरांनी खूष व्हायचं काही कारण नाही, आपलेच कोड मोडलेत.)

पाकीट (वॉलेट, किल्ल्या ठेवायचं ॲप) मात्र नवीन बनवा, ज्यात एक रुपयाही खरा नाही असं. खाजगी किल्ली डॉट ईएनव्ही फाइलमध्ये, आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये (कोडची हिस्टरी ठेवणाऱ्या गिटने काय उचलू नये त्या यादीत) पहिल्या कमिटच्या, म्हणजे नोंदीच्या, आधी. नंतर नाही. एकदा कमिट झालेली किल्ली पुढच्या कमिटमध्ये काढली तरी हिस्टरीत राहते आणि गिटहबवर अशा किल्ल्या शोधत बॉट फिरत असतात. ती किल्ली मेली असं समजून नवीन काढायची.

## टप्पा ३: लॉगिन आणि हरवलेल्या फोनचं काय ते आत्ताच ठरवा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. माझं सरळ मत आहे, या टप्प्याला दोन आठवडे गेले नाहीत तर तुम्ही तो केलेलाच नाही.

किल्ल्या दोन प्रकारच्या ठेवा. मुख्य खातं, जे नावाचं मालक आहे आणि वर्षातून चार-पाच वेळा वापरलं जाईल. आणि ॲप-किल्ली, फोनमध्ये तयार होणारी, जी रोजच्या पोस्टीवर गुपचूप सही करते. मुख्य खातं एकदाच चेनवर सांगतं की या ॲप-किल्लीला माझ्या वतीने लिहायची परवानगी आहे. मग लाईकला पॉपअप नाही, फी नाही, काही नाही.

मुख्य खातं ईआरसी-४३३७ पद्धतीचं स्मार्ट अकाउंट (म्हणजे खातं स्वतःच एक कॉन्ट्रॅक्ट) ठेवलं तर फोनच्या बोटाच्या ठशाने, म्हणजे पासकीने, ते उघडता येतं आणि फी तुमचा पेमास्टर (दुसऱ्यांची फी भरणारं कॉन्ट्रॅक्ट) भरू शकतो. किल्ली परत मिळवायचे बारा शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवा हे ट्रेकला येणाऱ्या काकांना सांगून बघा, काय होतं ते कळेल. पण एक मेख आहे. स्मार्ट अकाउंटची सही साध्या ईसी-रिकव्हरने (सहीवरून किल्ली ओळखणाऱ्या फंक्शनने) तपासता येत नाही, ईआरसी-१२७१ या पद्धतीतून त्या कॉन्ट्रॅक्टलाच विचारावं लागतं. ज्यांनी पोस्टी आधी बांधल्या त्यांना हे शेवटच्या आठवड्यात कळतं आणि तपासणीचा सगळा कोड परत लिहावा लागतो. ॲप-किल्ली वेगळी असेल तर हा त्रास फक्त परवानगी द्यायच्या एका जागी येतो, पोस्टी साध्या सहीवर चालतात.

हरवलेल्या फोनसाठी: प्रत्येकाने पाच ओळखीची माणसं नेमायची, त्यातल्या तिघांनी होकार दिला की मुख्य किल्ली बदलते, पण लगेच नाही, ४८ तासांनी. मधल्या वेळात खरा मालक रद्द करू शकतो. ही थांबायची मुदत विसरलात तर तीन मित्रांनी गंमत म्हणून एखाद्याचं खातं पळवायला पाच मिनिटं पुरतात.

थांबा: पाचही जण एकाच फ्लॅटमध्ये राहणारे रूममेट नकोत. चोरी झाली तर पाची फोन एकदम जातात.

तपासा: ॲप अनइन्स्टॉल करा, दुसरा फोन घ्या आणि खातं परत मिळवून दाखवा. हे होत नाही तोवर पुढे जायचं नाही.

## टप्पा ४: नावांचं कॉन्ट्रॅक्ट, आणि मराठीचा घोळ

बहुतेक जण नाव फक्त रोमन अक्षरं आणि आकड्यांत घेतात आणि सुटतात. कट्टा मराठी लोकांसाठी आहे तर नाव देवनागरीत हवंच, आणि मग हे बघा.

एकाने 'चऱ्होली' हे नाव घेतलं. दुसऱ्यानेही तेच घेतलं आणि कॉन्ट्रॅक्टने दिलं! कारण ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो, एक ऱ हे वेगळं अक्षर वापरून आणि एक साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडायची खूण) घालून. डोळ्याला सारखं, बाइट वेगळे, हॅश वेगळा (हॅश म्हणजे मजकुरावरून निघणारा ठरावीक लांबीचा ठसा, एक बाइट बदलला की सगळा बदलतो). 'ॲ' चंही तेच, एक अख्खं अक्षर म्हणून आणि एक अ वर चंद्र देऊन. यूनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायचा नियम) लावलं की हे मिटेल असं वाटतं, पण या दोन्ही जोड्या त्याने एक होत नाहीत. म्हणजे बदलायचा तक्ता तुम्हालाच लिहायला लागतो: र-हलन्त-झेडडब्ल्यूजे आलं की ऱ-हलन्त, अ-चंद्र आलं की ॲ, उरलेले न दिसणारे कॅरेक्टर बाद, आणि एका नावात देवनागरी आणि रोमन मिसळायचं नाही.

हे सगळं सॉलिडिटीत करू नका, महागात पडेल. फोनवरचं ॲप नाव साफ करतं, आणि इंडेक्सर (चेन आणि पोस्टी वाचून फीड बनवणारा सर्व्हर, टप्पा ७) साफ न केलेलं नाव दाखवतच नाही. हा नियम एका फाइलमध्ये नीट लिहून ठेवा, उद्या दुसऱ्या कोणी ॲप बनवलं तर त्यालाही तोच लागणार आहे.

दुसरं, नाव ३२ बाइटच्या खणात थेट ठेवायचा मोह होतो. देवनागरीची १० कोडपॉइंट बसतात त्यात. 'कोथरूडकर' बसतो, 'पिंपळेसौदागर' १२ कोडपॉइंट, ३६ बाइट, नाही बसत. म्हणून स्टोरेजमध्ये नावाचा हॅश, आणि पूर्ण नाव इव्हेंटमध्ये (कॉन्ट्रॅक्टने चेनवर सोडलेली, बाहेरून वाचता येणारी नोंद). इव्हेंटला बाइटमागे ८ गॅसच पडतो.

नावावर कोणी झडप घालू नये म्हणून नोंदणी दोन पायऱ्यांत: आधी नाव आणि एक गुप्त आकडा यांचा हॅश टाका, थोडं थांबा, मग नाव उघड करा. ईएनएस या इथेरियमवरच्या नावनोंदणीत असंच आहे, तिथे किमान एक मिनिट थांबायला लागतं.

आणि कॉन्ट्रॅक्टचा मालक कोण? कोणाचीही नावं काढून घेऊ शकणारी एक ॲडमिन किल्ली तुमच्या लॅपटॉपमध्ये असेल तर हे डिसेंट्रलाइज्ड नाही, तुमचीच जहागीर आहे फक्त. ॲडमिनचा अधिकार ठेवूच नका, किंवा ठेवलाच तर तीन-चार जणांच्या मल्टिसिगकडे (अनेकांच्या सह्या लागणाऱ्या खात्याकडे) द्या.

तपासा: नाव घेणं, ॲप-किल्ली जोडणं, रद्द करणं, मालक बदलणं, प्रत्येकाची एक टेस्ट 'चुकीच्या माणसाने केलं तर' अशी हवी. सुरळीत मार्गाच्या टेस्ट सगळेच लिहितात.

## टप्पा ५: पोस्टचा साचा

आता कुठे पोस्ट. प्रत्येक पोस्ट म्हणजे एक पाकीट (इथे लिफाफा या अर्थाने, टप्पा २ चं वॉलेट नाही) आणि आतला मजकूर. पाकिटात: नाव, ॲप-किल्ली, चेन आयडी, कॉन्ट्रॅक्टचा पत्ता, वेळ, याच किल्लीच्या मागच्या पोस्टचा हॅश, आणि मजकुराचा हॅश. सही पाकिटावर. मजकूर सोबत पण वेगळा.

मागच्या पोस्टचा हॅश कशाला? राजगडावर संजीवनी माचीवर रेंज गेली, तुम्ही चार पोस्टी लिहिल्या, त्या संध्याकाळी घरी आल्यावर एकदम गेल्या. वेळेवर भरवसा ठेवता येत नाही, फोनचं घड्याळ कोणीही मागे करतं. हॅशच्या माळेमुळे क्रम मात्र पक्का राहतो. आणि फोन चोरीला गेला तर किल्ली रद्द करताना 'माझी शेवटची खरी पोस्ट ही' एवढा एक हॅश चेनवर टाकायचा, मग त्याच्या मागचं सगळं खरं आणि चोराने जुनी तारीख घालून कितीही लिहिलं तरी ते माळेत बसत नाही. दोन फोन असतील तर दोन किल्ल्या, दोन माळा. एकच किल्ली दोन फोनमध्ये कॉपी केलीत की माळेला फाटे फुटणार, मग मला विचारू नका.

मजकूर वेगळा ठेवायचं कारण पुसणं. पोस्ट काढली की मजकूर जातो, पाकीट राहतं, माळ तुटत नाही. पण मजकूर 'हो, येतो' एवढाच असेल तर त्याचा हॅश अंदाजाने ओळखता येतो, म्हणून हॅश करायच्या आधी मजकुराला एक रँडम आकडा जोडा, आणि पुसताना तोही पुसा.

थांबा: सही एका जेसनवर (डेटा मजकुरात लिहायची पद्धत) करून सर्व्हरवर तोच जेसन परत बनवून तपासू नका. आतल्या रकान्यांचा क्रम बदलला, एक स्पेस वाढली, सही चुकली. ज्या बाइटवर सही केली तेच बाइट जसेच्या तसे पाठवा. या एका चुकीवर मी लोकांचे अख्खे शनिवार-रविवार गेलेले बघितलेत.

## टप्पा ६: फोटो

फोटो आयपीएफएसवर, म्हणजे अनेकांच्या मशीनवर मिळून फाइली ठेवायच्या नेटवर्कवर. अपलोडच्या आधी फोनमध्येच दोन कामं: आकार कमी करा आणि एक्झिफ (फोटोच्या फाइलमध्ये दडलेली माहिती) काढा. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर फोटोत जीपीएस असतो, सिंहगडाचा असेल तर ठीक, पण घरच्या बाल्कनीतल्या फोटोने आपल्या सोसायटीचा पत्ता कशाला द्यायचा.

आयपीएफएस म्हणजे कायमचं साठवलं, हा गैरसमज डोक्यातून काढा. कोणीतरी पिन करून, म्हणजे आपल्या मशीनवर मुद्दाम धरून, ठेवलं तरच राहतं. मी सुरुवातीला घरच्या जुन्या डेस्कटॉपवर एकच नोड (आयपीएफएस चालवणारं मशीन) ठेवला होता, एका गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट गेली आणि ग्रुपमध्ये सगळे फोटो गायब, शिव्या मला. आता तीन ठिकाणी पिन: एक घरी, एक मित्राकडे दुसऱ्या भागात, एक भाड्याच्या सर्व्हरवर. घरच्या ब्रॉडबँडला स्वतंत्र पब्लिक आयपी नसेल तर बाहेरून नोडपर्यंत कोणी पोचत नाही, हेही बघून घ्या.

थांबा: नोडचा ५००१ पोर्ट जगाला उघडा ठेवू नका. तो नोडला हुकूम द्यायचा दरवाजा आहे, फोटो बघायचा नाही.

## टप्पा ७: इंडेक्सर

चेनवरचे इव्हेंट वाचायचे, पोस्टी गोळा करायच्या, सह्या तपासायच्या आणि पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टाकायच्या म्हणजे फीड लवकर येतं. साधं काम आहे, तीन ठिकाणी लोक घसरतात. शून्य ब्लॉकपासून (ब्लॉक म्हणजे चेनवरच्या नोंदींचा एक गठ्ठा) वाचायला लागतात, कॉन्ट्रॅक्ट चढवला त्या ब्लॉकपासून वाचा. आरपीसी सर्व्हर (ज्यांच्याकडून चेन वाचायची ते) एका वेळी ठरावीक ब्लॉकचेच लॉग, म्हणजे इव्हेंट, देतात, तुकडे करून मागा. आणि ताज्या ब्लॉकवर लगेच पक्का विश्वास ठेवतात, चेन मागे फिरू शकते, म्हणजे ताजे ब्लॉक रद्द होऊ शकतात, म्हणून नाव दाखवा लगेच पण पक्कं धरा ते ब्लॉक फायनलाइज, म्हणजे कायम, झाल्यावर.

तपासा: डेटाबेस पूर्ण उडवा. नुसत्या चेन आणि पोस्टींच्या साठ्यातून तो परत तसाच उभा राहिला पाहिजे. एखादी गोष्ट परत आली नाही, म्हणजे ती तुम्ही गुपचूप तुमच्या सर्व्हरवर ठेवलीय.

## टप्पा ८: तक्रारी, कायदा, आणि टोकनचा विषय

आम्ही डिसेंट्रलाइज्ड आहोत म्हणून आमची जबाबदारी नाही, हे इथे चालत नाही. इंडेक्सर आणि ॲप तुम्ही चालवताय. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार ऐकणारा अधिकारी नेमून त्याचं नाव दाखवायला लागतं आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यायला लागते. २०२३ च्या डीपीडीपी कायद्यात (डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा) आपली माहिती पुसून घ्यायचा हक्क आहे आणि १८ खालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. टप्पा ५ मध्ये मजकूर बाहेर ठेवला तो म्हणूनच. इंडेक्सरमध्ये लपवायची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि ती यादी उघड ठेवा, म्हणजे दुसरा इंडेक्सर सहमत नसेल तर त्याने त्याची वेगळी ठेवावी. लोक गोळा करायच्या आधी एकदा वकिलाशी बोला.

टोकन, म्हणजे ॲपचं स्वतःचं विकता येणारं डिजिटल नाणं. नको. पहिल्या वर्षी तर नकोच. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेवर १ टक्का टीडीएस, ट्रेकच्या ग्रुपला हा हिशोब कोण करणार? आणि टोकनवर मतदान ठेवलं की ज्याच्याकडे जास्त टोकन तो मालक. मार्च २०२० मध्ये स्टीम या सोशल मीडियाच्या ब्लॉकचेनवर, एक्स्चेंजमध्ये (टोकनच्या बाजारात) ठेवलेल्या लोकांच्या टोकनांनी मतं पडली, नेटवर्क चालवणारे बदलले गेले, आणि चिडलेली मंडळी फुटून हाइव्ह नावाने वेगळी झाली. खोट्या खात्यांची भीती असेल तर त्याला आमंत्रण पद्धत पुरते, एकाने वर्षात पाच जण आणायचे.

## टप्पा ९: स्वतःचं मशीन बंद करा

मित्राला दुसरा इंडेक्सर चालवायला द्या, तुमच्या मदतीशिवाय, फक्त लिहून ठेवलेलं वाचून. त्याचे जे जे फोन येतील ते ते तुमच्या लिखाणातलं भोक आहे, बुजवा. मग ठरवून तुमचा सर्व्हर बंद करा आणि ग्रुपला म्हणा वापरा.

आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा जुन्या पोस्टी आल्या, फोटो आले, नावं बरोबर आली. नवीन माणूस मात्र येईना, कारण पेमास्टर एकच आणि तो माझ्याकडे. नोटिफिकेशन मेली. आणि ॲपच्या आत इंडेक्सरचा पत्ता मीच एका ओळीत कायमचा लिहून ठेवला होता, त्यामुळे निम्म्या लोकांना मित्राचा इंडेक्सर आहे हे कळलंच नाही. आता ॲपमध्ये पत्त्यांची यादी आहे, एक पडला की दुसरा, आणि पेमास्टर दोघांकडे. नोटिफिकेशनचं अजून व्हायचंय. पुढची चाचणी येत्या गुरुवारी घेतोय, लाईट तशीही जाणारच आहे.